बेल वाजली की भुंकणं: सुटलेली सवय परत का येते

"महिनाभर छान गेला, आणि मग ये रे माझ्या मागल्या." कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल ज्यांच्याशी ज्यांच्याशी बोलले, त्यातल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं या एका वाक्यात मावतं. सवय सुटत नाही असं नाही. सुटते, आणि परत येते. आमच्याकडे ती तीनदा परत आली. म्हणून भुंकणं पहिल्यांदा कसं थांबवावं यापेक्षा ते परत का येतं, आणि आल्यावर नेमकं कुठे बघावं, हे इथे सांगतेय.

बुंदी आमची देशी कुत्री. पांढऱ्या अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून बुंदी. आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मजल्यावर चार दारं, आणि जिना आमच्या दाराला लागूनच. समोरच्या आजींची झोप दुपारी १ ते ४, आणि कुरिअरवाल्यांची वेळही नेमकी तीच. आजी कधी भांडल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "अगं, गोळी घेऊन पडले होते, जरा डोळा लागला होता. इतकी दचकले, छातीत धडधडलं बघ." त्यानंतर मला स्वस्थ बसवेना.

आधी डॉक्टर, मग वही

भुंकणं अचानक वाढलं असेल, त्यातून कुत्रा सात-आठ वर्षांच्या पुढचा असेल, तर शिकवायला बसण्याआधी पशुवैद्याकडे जा. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, सांधेदुखी, म्हातारपणी येणारा गोंधळ, या सगळ्यांत कुत्रं जास्त भुंकतं. बुंदीच्या दुसऱ्या फेरीचं कारण कानात निघालं. जुलैचे ओले दिवस, कानाला संसर्ग झालेला, आणि आम्ही मात्र "परत बिघडली" म्हणत तिला जागेवर बसवत होतो. तिला दुखत होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुखणं नाही हे कळलं की एक वही दारापाशी ठेवा. सात दिवस फक्त लिहा, काही सुधारू नका. किती वाजता, कशावरून, किती वेळ, आणि भुंकण्याच्या शेवटी काय झालं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या वहीतला एक दिवस असा होता:

सकाळी ६.१० – दूधवाला, बेल. पिशवी घेतली, तो गेला.
७.४० – कचरा घेणाऱ्या ताई, बेल. डबा दिला, त्या गेल्या.
९.०५ – इस्त्रीवाले काका. गेले.
११.३० – लिफ्टचं दार आपटलं. मी ओरडले.
१.५० – कुरिअर. पार्सल घेतलं, तो गेला.
४.३० – काही कारण नाही, स्वयंपाकघराच्या दारात. आईंनी बिस्किट दिलं.
७.१५ – पाहुणे. बुंदीला आतल्या खोलीत बंद केलं.

असं रात्रीपर्यंत अकरा वेळा. वहीचा शेवटचा रकाना खालपर्यंत वाचला, तेव्हा मला पहिल्यांदा बुंदीची बाजू समजली. तिच्या हिशेबाने तिचं काम चोख चाललं होतं. दारात अनोळखी माणूस येतो, ती भुंकते, माणूस जातो. तो पार्सल देऊन जातो हे तिला कसं कळणार? तिला दिसतं ते इतकंच, की भुंकलं की संकट टळतं. दिवसाला अकरा म्हणजे वर्षाला चार हजारांवर वेळा हा धडा गिरवला जातो, आणि दर वेळी उत्तर बरोबर येतं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या ट्रेनरने त्यावर मात करायची कशी?

तेव्हा पहिला प्रश्न "गप्प कसं करू" हा नसतो. भुंकून त्याला काय मिळतंय, हा असतो. माणूस निघून जातो, खाऊ मिळतो, लक्ष मिळतं, दार उघडतं, किंवा नुसता कंटाळा जातो. ज्याचं जे कारण, त्याचा तोच उपाय. आपण ओरडतो तेही कुत्र्याला पुष्कळदा साथ दिल्यासारखंच वाटतं: मी भुंकले, हीसुद्धा भुंकली, म्हणजे दारात नक्कीच काहीतरी आहे.

साडेचारचं बिस्किट

आमच्या पहिल्या फेरीचं कारण त्या साडेचारच्या ओळीत होतं. सासूबाई संध्याकाळचा चहा टाकतात, बुंदी दारात उभी राहून भुंकते. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की भुंकल्यावर काही द्यायचं नाही. आई पाच दिवस पाळायच्या आणि सहाव्या दिवशी त्यांच्याच्याने राहवायचं नाही. "अगं, मुकं जनावर, मागून मागून किती मागणार?"

यातली गोम नीट समजून घेण्यासारखी आहे. रोज मिळणारं बिस्किट बंद झालं तर कुत्र्याला ते लवकर उमगतं. पण कधीतरीच मिळणारं बंद झालंय हे उमगायलाच फार दिवस लागतात, कारण न मिळण्याची त्याला सवय झालेली असते. आज नाही, उद्या मिळेल, अजून थोडं भुंकून बघू. पाच दिवस नकार आणि सहाव्या दिवशी होकार, याने भुंकणं कमी होत नाही, ते चिवट होतं.

दुसरी गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. मिळणारं बंद केलं की भुंकणं आधी वाढतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पूर्वीपेक्षा मोठं, लांब, कर्कश होतं. नळाला पाणी आलं नाही की आपण चावी अजून एकदा जोरात फिरवून बघतो ना, तसं. बहुतेक घरं याच दिवशी हात टेकतात. "हे तर वाढतंच चाललंय" म्हणून उपाय सोडतात आणि काहीतरी देऊन टाकतात. म्हणजे सगळ्यात मोठ्या भुंकण्याला सगळ्यात मोठं बक्षीस मिळतं. पुढच्या वेळी कुत्रं तिथूनच सुरुवात करतं. वाढ दिसली की ती मोजा. वहीत ४० सेकंदांचे ९० झाले आणि दोन दिवसांनी ३० वर आले, हे कागदावर दिसलं की धीर टिकतो.

आईंना मी नुसतं "देऊ नका" म्हणत होते, ती माझी चूक होती. त्यांना तिला भरवायचं होतं. मग खाऊचा डबाच त्यांच्या हाती दिला: "आई, चहाच्या वेळी ती सतरंजीवर गप्प बसली की तुम्हीच द्यायचं. आधी एका मिनिटाने, मग दोन मिनिटांनी." तीन आठवड्यांत चहाच्या वेळचं भुंकणं गेलं, आणि ते परत आलेलं नाही.

बेलचं काम

हे सगळ्यात चिवट, म्हणून त्याला जास्त वेळ द्या. सुरुवातीला शिकवणं आणि खऱ्या बेला एकत्र चालवू नका. महिनाभर दारावर चिठ्ठी लावा: "कृपया बेल वाजवू नका, फोन करा." दुधाची पिशवी कडीला अडकवा, कचऱ्याचा डबा वेळेआधी बाहेर ठेवा, कुरिअर वॉचमनकडे ठेवायला सांगा. गॅलरीतून रस्ता दिसत असेल तर खालच्या दोन फूट काचेला दुधी कागद चिकटवा. दृष्टीआड सृष्टी हे कुत्र्याच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. जितक्या वेळा जुना धडा चुकेल, तितका नवा लवकर बसेल.

मग जागा शिकवा. दारापासून दहा-बारा फुटांवर, दार दिसेल पण दाराला टेकता येणार नाही अशी जागा निवडून तिथे एक सतरंजी कायमची पसरा. बेल नाही, पाहुणा नाही, काही नाही. ती सतरंजीवर गेली की खाऊ सतरंजीवरच टाका, हातातून देऊ नका, नाहीतर ती सतरंजीऐवजी तुमच्या हाताकडे येईल. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे पुरे: उकडलेलं चिकन, पनीर, गाजर. जेवणातलं तेवढं कमी करा. मनुका आणि द्राक्षं मात्र कधीही नाहीत, ती कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात; कांदा आणि चॉकलेटही नको. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. "जागेवर" हा शब्द ती आपणहून जायला लागल्यावर जोडा, आधी नको.

आठवड्याभराने बेल आणा, पण फोनवर रेकॉर्ड केलेली आणि अगदी बारीक आवाजात. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी बेल, मग एका सेकंदाने खाऊ. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं, पण त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांमुळे. खाणं येण्याआधी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्यांना लाळ सुटायची. आवाज खाण्याच्या आधी यायचा, ही त्यातली मेख. आपण घरी नेमकं उलटं करतो. आधी डब्यात हात घालतो, मग बेल वाजवतो. कुत्रं डब्याचा आवाज शिकतं, बेलचा नाही.

पाचातल्या चार वेळा ती बेल ऐकून भुंकण्याऐवजी तुमच्याकडे किंवा सतरंजीकडे बघू लागली, की आवाज थोडा वाढवा. सलग दोनदा भुंकली तर एक पायरी खाली या, रागवू नका. मग खरी बेल, घरातल्याच कुणीतरी वाजवलेली. मग दार उघडणं. मग ओळखीचा पाहुणा. मग अनोळखी. आम्हाला पहिल्या पायरीपासून अनोळखी माणसापर्यंत दहा आठवडे लागले. याहून लवकर झालं तर उत्तम, पण घाई करून जिंकलेली पायरी पुढे ढासळते.

कुठे अडतं

"डबा दिसला तरच गप्प, नाहीतर नाही." म्हणजे वर सांगितलेला क्रम उलटा झालाय. डबा नजरेआड, शू-रॅकवर उंच ठेवा. हात रिकामे असताना बेल वाजू द्या, मग डब्याकडे जा.

"भुंकते, गप्प होते, आणि खाऊ मागते." हे हुशार कुत्र्यांत फार होतं. "बास" हा शब्द शिकवताना आपण भुंकणं थांबल्यावर खाऊ देतो. ते योग्यच आहे. नाकाशी तुकडा नेला की कुत्रं हुंगायला थांबतं, तेवढ्यात "बास" म्हणायचं आणि द्यायचं, मग ३ सेकंद, ५ सेकंद, १० सेकंद शांततेनंतर द्यायचं. पण फक्त एवढंच केलं तर कुत्रं पूर्ण साखळी शिकतं: भुंका, थांबा, खा. म्हणून मुळीच न भुंकलेल्या क्षणांना जास्त चांगला खाऊ द्या. लिफ्ट वाजली, कान टवकारले आणि भुंकली नाही? तो क्षण हातचा जाऊ देऊ नका. भुंकून थांबण्याला कोरडं गाजर, न भुंकण्याला चिकन.

"घरच्यांनी बेल वाजवली की शांत, खरा माणूस आला की नाही." तिला पावलं ओळखता येतात. जिन्यावरूनच तिला कळतं की हा नाटकातला पाहुणा आहे. वेगवेगळी माणसं लागतात, आणि वेगवेगळ्या वेळा. सोसायटीतल्या चार मुलांना दोन आठवडे हे काम द्या, ती आनंदाने करतात.

"खाऊ घेतच नाही." हट्ट समजू नका. घाबरलेलं कुत्रं खात नाही. आवाज किंवा अंतर तिच्या झेपेच्या पलीकडे गेलंय. मागे या. पुष्कळ मागे.

बेलशी संबंध नसलेलं भुंकणं

आपण घरात नसताना कुत्रं भुंकतं अशी शेजारी तक्रार करतात, तेव्हा वाद घालण्याआधी जुना फोन कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग लावा. दोन अगदी वेगळी चित्रं दिसू शकतात. एकात कुत्रं दोन तास झोपतं, मग खिडकीत जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतं; त्याला कंटाळा आलाय आणि खिडकी उघडी आहे. दुसऱ्यात तुम्ही गेल्यापासून पंधरा-वीस मिनिटांतच ते येरझारा घालतं, लाळ गाळतं, दार ओरबाडतं, गळा काढतं, ठेवलेलं खाणं तुम्ही परत येईपर्यंत शिवत नाही. हा खोडसाळपणा नाही, ती भीती आहे. इथे शिक्षा किंवा "रडू दे, होईल सवय" याने प्रकरण चिघळतं. किल्ली उचला आणि परत सोफ्यावर बसा. स्कार्फ बांधा, हेल्मेट घ्या, आणि भाजी निवडायला बसा. दिवसातून बऱ्याचदा. या वस्तूंचा "ती निघाली" हा अर्थ पुसला गेला की दाराबाहेर दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं. भीती फार असेल तर पशुवैद्य औषधाची जोड देतात, त्यात कमीपणा काहीच नाही. माणसांची गोळी मात्र कधीही मनाने देऊ नका.

रात्री दोन वाजता रस्त्यावरच्या कुत्र्यांना उत्तर देणं हा पुण्यात सगळीकडचा त्रास. गॅलरीत झोपणाऱ्या कुत्र्याला आतल्या खोलीत, माणसाजवळ झोपवा, पंखा किंवा कूलर चालू ठेवा, झोपण्याआधी एकदा खाली फिरवून आणा. बहुतेक घरांत एवढं पुरतं.

विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी त्या आठवड्यात होत नाही. उन्हाळ्यापासूनच बारीक आवाजात रेकॉर्डिंग लावून खाऊ द्यायला लागा. घाबरून तुमच्या कुशीत आलं तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे.

आणि नाक. सकाळी अर्धा तास वेताळ टेकडीवर लांब लीश लावून, तिला हवं तिथे थांबून हुंगू दिलं की त्या दिवशीच्या वहीत नोंदी कमी होतात, हे मी महिनोन् महिने बघतेय. भराभर चालवून दमवण्यापेक्षा हुंगण्याने डोकं जास्त निवतं. टेकडीवर मोर असतात, लीश सोडू नका. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवली नाही तर तिच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

विजेचा पट्टा

आम्हाला एका प्रशिक्षकाने भुंकलं की झटका देणारा पट्टा घ्यायला सांगितलं होतं. घेतला नाही. कारण साधं आहे. भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्याला कुरिअरवाला दिसताच मानेला झटका बसला, तर त्याच्या मनात कुरिअरवाला आणि वेदना यांची गाठ पडते. भुंकणं दबतं, भीती वाढते, आणि एक दिवस ते कुत्रं न भुंकता थेट चावतं. भुंकणं हा इशारा असतो, तो मारून टाकणं धोक्याचं आहे. वेल्समध्ये २०१० पासून अशा पट्ट्यांवर बंदी आहे. वर्तमानपत्राची सुरळी, चपलेचा धाक, तोंड दाबून धरणं, ही सगळी याच जातीची.

सोसायटी आणि आजी

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेसुद्धा कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही. भुंकणं हा कुत्र्याचा नैसर्गिक स्वभाव आहे, तो सहन करायला हवा, असंही त्यात आहे. पण त्याच सूचना पाळणाऱ्यांनाही सांगतात की कुत्र्याला शांत ठेवायचा, विशेषतः रात्री, पूर्ण प्रयत्न करा. मीटिंगमध्ये पहिलं वाक्य वाचून दुसरं गाळणारे लोक मी पाहिलेत. त्याने कागद जिंकता येतो, मजला नाही.

मी वही घेऊन आजींकडे गेले. "आजी, हे असं असं चाललंय, पहिले आठ दिवस थोडं वाढेल, मग कमी होईल. तुमच्या झोपेच्या वेळेत ती आतल्या खोलीत असेल." दुपारी १ ला बुंदीला दही लावलेली, फ्रीजरमध्ये गोठवलेली रबरी खेळणी चाटायला देते, त्यात ती पाऊण तास रमते आणि मग तीही झोपते. आजींनी वही चष्मा लावून पूर्ण वाचली. म्हणाल्या, "मग बेल वाजवायला मी येते की. मला तरी संध्याकाळी काय काम असतं?"

परत आलं तर

ते परत येईलच. तिसऱ्या वेळी आमच्याकडे दिवाळीत आठ दिवस पाहुणे होते, दिवसभर बेल, प्रत्येकजण फराळातलं काहीतरी बुंदीला देत होता. भाऊबीज संपली तेव्हा बुंदी पहिल्या दिवशी होती तशीच वाटत होती. तशी ती नव्हती. दोन पायऱ्या खाली जाऊन, फोनवरच्या बारीक बेलपासून सुरू केलं, आणि दहा आठवड्यांचं काम नऊ दिवसांत भरून निघालं. शिकलेलं पुसलं जात नाही, त्यावर धूळ बसते. म्हणून परत आलं की आधी वही उघडा आणि तीनच गोष्टी तपासा: दुखतंय का, घरात कोण चुकून बक्षीस देतंय, आणि गेल्या पंधरा दिवसांत दिनक्रमात काय बदललं.

आमचा डबा शू-रॅकवर आहे, वही खिळ्याला टांगलेली. गेल्या महिन्यात रंगकाम झालं, रंगारी दिवसभर ये-जा करत होते, त्यामुळे सध्या पुन्हा दोन पायऱ्या खाली आहोत. आजी संध्याकाळी पाचला येतात, एकदाच बेल वाजवतात आणि दार उघडेपर्यंत जिन्यात उभ्या राहून आतला आवाज ऐकतात.